आक्कांचा धूर मोजताना

आमच्या घरात मला 'नाक' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत. तोंडावर 'मॅडम' म्हणतात आणि ते जास्त लागतं. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी मी हवा ओढून बघते, असं माझ्या लेकीचं म्हणणं आहे. तिच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन हसत पुढं आल्या आणि मी विचारलं, "मागं काही जळतंय का हो?" बिचाऱ्यांनी तांब्या तसाच धरून गॅस बघितला, देवापुढचा दिवा बघितला, इस्त्री बघितली. शेवटी पलीकडच्या शेतात कुणीतरी बांध पेटवलेला निघाला. लेक हा किस्सा अजून चारचौघांत सांगते आणि मी अजून म्हणते, "पण जळत होतं की नाही?"

तर स्वस्थ बसणं हा माझा प्रांत नाही. लग्नाच्या पंगतीत जेवताना माझं लक्ष आचाऱ्याच्या भट्टीकडं. नवरा म्हणतो, तू श्रीखंड खा, धूर कुठं पळून जात नाही. तो कुठं जातो हेच तर मला बघायचं असतं.

मी मूळची नर्स. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत उपकेंद्रावर नोकरी सुरू झाली. घोडेगावहून एसटी पकडायची, खांद्याला लसींचा डबा, आणि उतरल्यावर पुढची वाट पायी. पुढं बढती झाली, सार्वजनिक आरोग्य परिचारिका असं लांबलचक नाव मिळालं, जे आमच्या कुठल्याही नातेवाइकाला आजवर पूर्ण म्हणता आलेलं नाही. लोकांसाठी मी 'शिस्टर'च. आणि संशोधनात आले ती काही हुशारीवर नाही. पुण्याच्या एका संस्थेतल्या मॅडम घोडेगावला पंचायत समितीच्या बैठकीत आल्या होत्या. घराघरातला धूर बायकांच्या छातीत किती जातो, ते त्यांना मोजायचं होतं. त्यांच्याकडे पदव्या होत्या, यंत्रं होती, गाडी होती. पण बायका त्यांना ओट्यावर खुर्ची द्यायच्या, चहा द्यायच्या आणि तिथूनच वाटेला लावायच्या. मॅडम म्हणाल्या, "मला स्वयंपाकघरात शिरू शकणारं माणूस हवंय." अख्ख्या बैठकीनं माझ्याकडं बघितलं.

ही माझी पात्रता. पुढं मी अभ्यासही केला. ज्या वयात बायका गुडघ्यांवर बोलायला लागतात त्या वयात पाठ्यपुस्तकं घेऊन बसले, परीक्षा दिल्या, पुण्याच्या फेऱ्या केल्या, चर्चासत्रांत शेवटच्या रांगेत बसून पेंगले आणि टाळ्यांनी जागी झाले. पण अजूनही कुणी विचारलं, की तुमचं संशोधन नक्की कसलं, तर मला तेच उत्तर सुचतं. लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायचं आणि बघायचं.

आमचा प्रश्न साधा होता. जुन्नर-आंबेगावात आता घरोघरी गॅस आहे. मग बायकांचा खोकला का जात नाही? विचारायला गेलं की सगळ्या एकच सांगायच्या, "चूल? छ्या! आमी कुटं चूल पेटवतो? ग्यास हाये की." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं, धुरामुळं. चूल आहे म्हटलं तर सिलिंडर बंद होईल, अशी धास्ती. म्हणून मग यंत्र आणायचं ठरलं. यंत्र खोटं बोलत नाही, असं मॅडम म्हणायच्या. मीही म्हणायला लागले होते.

यातलं सगळ्यात जवळचं घर आमचंच. निरगुडसरला आमची शेती आहे, ती माझे थोरले दीर आणि जाऊबाई बघतात. त्यांना आम्ही दादा आणि आक्का म्हणतो. आम्ही नोकरदार जुन्नरला राहतो आणि शेतातल्या मेथीवर हक्क सांगायला महिन्यातून एकदा जातो. माझी लेक रांगायला लागली तेव्हा मी डोंगरातल्या वस्त्यांवर दुसऱ्यांच्या लेकरांना सुया टोचत फिरत होते. तिला रांगताना बघितलं ते आक्कांनी. तिला भाकरी थापायला शिकवली ती त्यांनीच. मला अजून नीट येत नाही, हा आमच्या घरातला दुसरा लाडका विनोद.

तर आक्कांना दम लागायला लागला होता. त्या कबूल करत नव्हत्या. शेतातून घराकडं येताना मध्येच बांधावर बसायच्या. कुणी बघितलं तर म्हणायच्या, "कांदा कसा आलाय बघत व्हते." एकदा मी त्यांच्यामागून चालत होते. कांदा काढून झालेला होता, वावर मोकळं होतं, तरी आक्का बांधावर बसून कांदाच बघत होत्या. त्यांच्या गळ्याच्या खाली, हाडाजवळ, श्वास घेताना खड्डा पडत होता. मी इतक्या जणींचा तसा खड्डा बघितलाय, की तो काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मीही कांदा बघितला.

आमच्या निरगुडसरच्या घरात गॅस आहे, दोन शेगड्यांचा, रोज पुसलेला, चकचकीत. चहा आणि पाहुणे त्याच्यावर. भाकरी चुलीवर, कारण दादांना गॅसवरची भाकरी 'रबरी' लागते. आणि न्हाणीच्या मागं पत्र्याचं शेड आहे, तिथं आंघोळीच्या पाण्याची चूल. पहाटे सगळ्यांच्या आधी आक्का उठणार, त्या शेडात उकिडवं बसून पाण्याचं तपेलं तापवणार. जळण काय, तर उसाचं पाचट, मक्याची रिकामी कणसं, आणि पेट घेत नसलं की ठिबकच्या जुन्या नळीचा एखादा तुकडा. तो तुकडा पेटला की काळा, चिकट धूर निघतो. घराच्या पुढच्या बाजूला तो येत नाही, म्हणून तो नाही असं सगळ्यांनी धरलेलं.

मंचरला छातीचे एक चांगले डॉक्टर आहेत. मी आक्कांना म्हटलं, चला. आक्का म्हणाल्या, "मला काय झालंय?" दादा म्हणाले, "वय झालं की दम लागतोच." आक्कांना ते जास्त लागलं, कारण वयानं त्या दादांपेक्षा बऱ्याच लहान. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "तू ते धुराचं मशीन आणनार हायेस ना? ते घाल माझ्या गळ्यात. त्यानं सांगितलं धूर हाये, तर येते डाक्टरकडं. नाय सांगितलं तर माझ्या मागं लागायचं न्हाई." मी आनंदानं हो म्हटलं. जिंकलेच म्हणून समजले. नातेवाईक अभ्यासात मोजायचे नसतात. मॅडमनी आक्कांचं घर सरावाचं घर म्हणून चालवून घेतलं.

यंत्रं आली. काडेपेटीहून थोडी मोठी, पांढरीशुभ्र, आत बारीकसा पंखा, सतत हलकी गुणगुण. बाईनं एक दिवस-रात्र ती गळ्यात घालायची, ती हवा ओढत राहणार, आणि त्यातून संगणकावर एक रेघ उमटणार. धूर वाढला की रेघ वर. गळ्यात घालायला फिती हव्या होत्या म्हणून मी जुन्नरच्या बाजारपेठेत गेले. तिथले दुकानदार शेठ पिढ्यान् पिढ्या इथलेच झालेले, मराठी माझ्याहून सरस. त्यांनी फितीचं अख्खं रीळ मोजलं आणि आदरानं विचारलं, "एवढी मेडलं कुणाला, मॅडम?" मी म्हटलं, "चुलीपुढं बसणाऱ्यांना." ते म्हणाले, "मग रीळ कमी पडेल."

खोडदला वाटायला गेले तेव्हा तर जत्राच झाली. त्या गावाशेजारी आकाश ऐकणाऱ्या, उलट्या छत्र्यांसारख्या प्रचंड दुर्बिणी उभ्या आहेत, त्यांच्या खाली माणसं गवत कापतात, कुणी मान वर करत नाही. पण माझी ही डबी बघायला सगळी आळी गोळा. एका काकांनी विचारलं, "शिस्टर, ह्याच्यानं त्या छत्र्यांना काय तरास नाय ना व्हनार?" मी म्हटलं, "नाही हो." ते म्हणाले, "आन् त्यांच्यामुळं ह्याला?" याचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी गंभीर चेहरा केला. मोठमोठ्या चर्चासत्रांत मी हाच चेहरा शिकले आहे.

प्रत्येक घरी मी तेच सांगायचे. गळ्यातून काढायचं नाही; झोपताना उशाशी, आंघोळीला खुंटीवर. आणि वर एक वाक्य सवयीनं जोडायचे, जे मी लसीच्या डब्याबद्दल, तापमापकाबद्दल, आयुष्यभर सगळ्याबद्दल बोलत आले: "जपा हं. लई महाग वस्तू आहे."

आणि रेघा आल्या त्या सपाट. जुन्नरच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसले होते आणि एकामागून एक रेघ उघडत होती, भर उन्हाळ्यातल्या धरणासारखी गप्प. आक्कांची त्यात सगळ्यात सपाट. पुण्याला मॅडम खूश. गॅस पोचला तिथं धूर हटला, हे त्यांना एका मोठ्या बैठकीत सांगता येणार होतं. मीही खूश व्हायचा प्रयत्न केला. निरगुडसरला फोन केला तो मी फितुरासारखा हळू आवाजात.

"आक्का, तुमच्या मशीनवर फारसा धूर दिसत नाही."

पलीकडं आधी खोकल्याची उबळ, मग विजयी हाक, "आवं, ऐकलं का! पास झाले मी!" मग दादांचा आवाज, "मी म्हनलं नव्हतं का? डाक्टरचं आता रद्द करा म्हनावं."

"आक्का, तरी एकदा दाखवून—"

"शबुद दिला व्हता तू," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा खोकल्या. तो खोकला मला फोनवर ऐकू येत होता आणि समोर ती गप्प रेघ. दोघांपैकी एक कुणीतरी थापा मारत होतं.

त्या दिवसभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. भांडी घासलेली पुन्हा घासली. नवरा म्हणाला, "धूर नाही म्हणून रडणारी तू पहिलीच." खरंच, आपल्या माणसाच्या छातीत धूर सापडावा म्हणून कोण एवढं तळमळतं? मी आकडे पुन्हा तपासले, यंत्राची बॅटरी तपासली, पंखा तपासला. शेवटी परत पाठवण्याआधी यंत्रं पुसायला घेतली. आक्कांचं यंत्र हातात घेतलं, आणि सवय जाते कुठं, नाकाशी नेलं.

डांबरगोळ्या.

दुसरं उचललं. त्याला नव्या साडीचा, खळीचा वास. तिसऱ्याला उदबत्तीचा. चौथ्याला काहीतरी ओळखीचा; पुन्हा पुन्हा हुंगल्यावर कळलं, ते ज्वारीचं पीठ. धुराचा वास कुठल्याच यंत्राला नाही. नवरा पाण्याची बाटली घ्यायला आला आणि मला यंत्रांची रास एकेक करून हुंगताना बघून दारातच थबकला. बाटली न घेताच परत गेला. त्या परत जाण्याला मी संसारातला सगळ्यात मोठा टोमणा मानते.

सकाळी मंचरपर्यंत एसटी, पुढं जीप. आक्का ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी चप्पलही काढली नाही.

"आक्का, मशीन कुठं ठेवलं होतं?"

"गळ्यात."

"सगळा वेळ?"

"म्हंजे काय. चुलीपाशी जायची वेळ सोडून."

मी खाली बसले. "आणि चुलीपाशी जाताना?"

आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, की एवढं शिकून हिचं काय झालं. "कपाटात. माझ्या चांगल्या साड्यांच्या घडीवर. एवढं पांढरंफेक मशीन, चुलीपाशी नेऊन काळं करू व्हय? तूच म्हनलीस ना, जपा म्हनून?"

"अहो आक्का, ते धुराचंच मशीन आहे!"

"ठावं हाय मला. म्हनून तर! धुराच्या मशीनला धूरच लागला तर त्यानं मोजायचं कसं? चष्म्याला तेलाचं बोट लागलं तर दिसतंय का तुला?"

मी चष्मा काढून पदराला पुसला. 

मग मी घरोघर फिरले. एकीनं देव्हाऱ्याखालच्या खणात, उदबत्तीच्या पुड्यापाशी ठेवलं होतं, सरकारी वस्तू देवाच्या नजरेखाली बरी म्हणून. एकीनं पिठाच्या डब्यात, कारण तिथं कुणी हात घालत नाही. एका सुनेनं ते सासूबाईंच्या गळ्यात घातलं होतं. सासूबाई दिवसभर अंगणात बाजेवर असतात, "त्यास्नी काय काम न्हाई, त्या नीट सांबाळतील, आमचा रट्टा लागायचा." सासूबाईंनी खरंच नीट सांभाळलं होतं, बाजेवरून उठल्यासुद्धा नव्हत्या. सगळ्या जणींनी माझी वस्तू जिवापाड जपली होती. आमच्याकडे पाहुण्यांची वस्तू अशीच परत करतात, होती त्याहून स्वच्छ.

पुण्याला फोन केला. मॅडमनी मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही हे कशावरून सांगताय?"

"आधी वासावरून. मग विचारून."

"वासावरून," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या त्या मोठ्या बैठकीत हा शब्द कसा दिसेल याचा त्या विचार करत असाव्यात. पण माणूस सरळ. "टाकून द्या सगळं. पुन्हा मोजू. मी बैठकीला कळवते," एवढं म्हणाल्या. मला हायसं वाटलं ते क्षणभरच. कारण गावोगावचं पुन्हा मोजता येणार होतं, पण आक्का हातातून निसटल्या होत्या.

"आदी म्हनली पास, आता म्हनतीया नापास," आक्का म्हणाल्या. "तुझ्या मशीनचं काय खरं न्हाई. मी नाय कुटं येनार."

दादांनी दुजोरा दिला. दादा वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं, की डॉक्टरकडं नेलं नाही तर आजार नसतोच. मी दोघांशी भांडले, रुसले, जेवणार नाही म्हटलं. आणि मग जेवले, कारण पिठलं होतं. जेवताना आक्का भाकरी वाढायला उठल्या आणि चुलीपासून माझ्या ताटापर्यंत येताना मध्ये दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. तिथं बघायला कांदा नव्हता. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. उलटं फिरून माझ्याकडं बघितलं, आणि मी बघतेय हे त्यांना दिसलं.

"एकदा घालते परत," त्या म्हणाल्या. "पन काळं पडलं तर मला बोलायचं न्हाई."

काळं पडायची एवढीच अडचण असेल तर ती नर्सच्या हातातली. जुन्या काळ्या परकराचं कापड कापून मी यंत्राला खोळ शिवली, पंख्यापाशी तोंड ठेवलं. आक्कांनी माझे टाके बघितले, उसवले, आणि स्वतः पुन्हा घातले. या वेळी मी राहिलेच तिथं. पहाटे त्यांच्या मागोमाग पत्र्याच्या शेडात गेले आणि शेजारी उकिडवी बसले. आक्कांनी पाचट लावलं, फुंकणी घेतली. पेट घेईना. त्यांनी नळीचा तुकडा उचलला, माझ्याकडं बघितलं, आणि तरी टाकला. क्षणात काही दिसेनासं झालं. मी बाहेर पळाले. इतकी वर्षं धुरावर काम करणारी बाई, डोळे पुसत, नाक शिंकरत, गोठ्याच्या दावणीला धरून उभी. म्हशीनंही मान वळवून बघितलं. आक्का आतच होत्या. आतून फुंकण्याचा आवाज येत होता, मग खोकला, मग फुंकणं.

सकाळी ओट्यावर संगणक उघडला. सगळी जमली: दादा, पुतण्या, त्याची नवी नवरी, म्हणजे आमची सूनबाई, आणि मध्ये आक्का, निकालाच्या दिवशी बसतात तशा. रेघ जमिनीवरून निघाली आणि पहाटेपाशी येऊन एकदम उभीच्या उभी वर गेली.

"ह्यो डोंगर कुटला?" आक्कांनी विचारलं.

"शिवनेरी दिसतोय," दादा म्हणाले.

"शिवनेरीला पायऱ्या हायेत," आक्का म्हणाल्या. "ह्यो तर भिंतीवानी चढलाय."

  पुतण्या बोट लावून विचारत होता, इथं काय, इथं काय. मी सांगत होते, इथं भाकरी, इथं पाणी. आक्का त्या उभ्या रेघेकडं बघत होत्या. मग उठल्या आणि आत जाऊन चांगली साडी नेसून आल्या. "चल," म्हणाल्या. "शबुद म्हंजे शबुद."

मंचरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिलाच प्रश्न केला, "आजी, बिडी ओढता का?"

मी आक्कांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "मी? बिडी? ह्यांना इचारा, आमच्या घरात पान सुदिक कोन खात न्हाई!" दादांनी घाईघाईनं मान हलवली. मग श्वासाचा जोर मोजायला आक्कांना एका नळीत फुंकायला लावलं. तिथली मुलगी ओरडत होती, "फुंका, फुंका, फुंका, अजून फुंका!" आक्कांनी नळी तोंडातून काढली. "जल्मभर फुंकलंच की गं बाय. आन् हितंबी फुंकाच?" ती मुलगी हसली, आक्काही हसल्या आणि त्या हसण्यानंच दम लागून खुर्चीत बसल्या. कांदा नाही, कॅलेंडर नाही. सगळ्यांसमोर, उघड, तोंड उघडं ठेवून श्वास शोधत बसल्या.

डॉक्टर दादांना म्हणाले, की फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेला. उरलेला राखायचा. तोंडातून ओढायचं औषध रोज घ्यायचं आणि धुरापाशी जायचं नाही, अजिबात नाही.  घर आल्यावर दादा म्हणाले, "उद्यापास्नं हिनं चुलीपाशी जायचं न्हाई." मोठ्या आवाजात म्हणाले, चार घरांना ऐकू जाईल असं.  आता मी स्वस्थ झोपेन, असं मला वाटलं, आणि झोपलेही.

सकाळी उठले ती नाकानं. ठिबकची नळी. मी अनवाणी मागं पळाले, आक्का, आक्का करत. पण आक्का मागच्या दारातल्या पायरीवर बसलेल्या होत्या, हातात ते औषधाचं नवं यंत्र, आणि शेडाकडं बघत होत्या. शेडात आमची सूनबाई उकिडवी बसली होती. पदर तोंडाला, मान एका बाजूला वळवलेली, एक डोळा मिटलेला. आक्का बसतात तश्शी. जणू कुणी शिकवलं असावं. पुढच्या दारी दादा खांद्यावर टॉवेल टाकून फेऱ्या मारत होते. "झालं का पानी?"

मी काय करायला हवं होतं, ते मला नीट माहीत होतं. अशा वेळी काय सांगायचं याची मी गावोगाव प्रशिक्षणं घेते. पण मी दारातच उभी होते. आपण एका छातीतून काढून दुसऱ्या छातीत ठेवलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आक्का उठल्या. त्यांनी हौदातून कळशी भरली, दोन्ही हातांनी उचलली, मला पुढं होऊ दिलं नाही, आणि सरळ चुलीत ओतली. फस्सकन राख उडाली, वाफ आणि धूर एक झाला. सूनबाई ओरडून मागं सरकली. दादा धावत आले.

"आगं! आन् आंगूळ?"

"नका करू," आक्का म्हणाल्या. "थंडीचे दिस हायेत, कोन हुंगतंय तुमाला?"

एवढं बोलल्या आणि त्यांना उबळ आली. ओल्या राखेचा धूर तो, वाईटच. मी त्यांना ओढून उघड्यावर आणलं, पाठीवर हात फिरवत राहिले, औषध तोंडाशी धरलं. दादा टॉवेल धरून, सूनबाई राखेनं माखलेल्या हातांनी, पुतण्या अर्धवट झोपेत, सगळे आम्ही त्यांच्याभोवती उभे, त्यांचा श्वास परत यायची वाट बघत. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. श्वास अडतोय, सुटतोय, पुन्हा अडतोय. मी त्यांच्या गळ्याखालच्या खड्ड्याकडं बघत होते.

हळूहळू तो उथळ झाला. आक्कांनी पायरीवर टेकून डोळे पुसले आणि आमच्याकडं एकेक करून बघितलं.

"काय उभी ऱ्हायलीसा सगळी? च्या ठेवा कुनीतरी ग्यासवर. आन् त्याच ग्यासवर पानीबी ठेवा ह्यांचं. ज्याला ऊन पायजेल त्यानं ठेवायचं."

सूनबाई हलली, तसा आक्कांनी तिचा पदर धरला. "तू न्हाई."

 मग दादांनी टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि आत गेले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, मग लायटरची टिकटिक, पुन्हा टिकटिक. "ह्यो पेटवायचा कसा गं?" ते आतून ओरडले. सूनबाईचा पदर आक्कांनी सोडला नाही. आक्का पायरीवर बसून श्वास घेत होत्या.